ऑल-ग्रेन घरगुती बिअर: अडीचशे डॉलरमध्ये कोणती साधनं घ्यावीत?

रानवारा (कोलंबस, ओहायो)

नमस्कार मंडळी. गेलं वर्षभर मी एक्स्ट्रॅक्टच्या किटवर घरी बिअर करतो आहे. डब्यातला माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) घट्ट पाक पाण्यात विरघळवायचा, हॉप्स (कडूपणा आणि सुवास देणारी फुलं) घालून तासभर उकळायचं, थंड करून यीस्ट सोडायचं. बिअर चांगली होते, मित्रमंडळी आवडीने पितात. आता मात्र धान्यापासून, म्हणजे ऑल-ग्रेन पद्धतीने, सुरुवात करायची आहे. पाक आयता घेतला की बिअरचा रंग, गोडवा, भरीवपणा हे बरंचसं कारखान्यातच ठरून आलेलं असतं. ते मला माझ्या हातात हवं आहे.

बजेट अडीचशे डॉलर, फार तर पावणेतीनशे. घरात आधीपासून आहे ते असं: साडेसहा गॅलनची झाकणाची बादली एअरलॉकसकट (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी झडप), हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं साधन), बाटल्यांना बुचं बसवायचा कॅपर, आणि पाच गॅलनचं स्टीलचं पातेलं. भाड्याचं टाउनहाउस आहे, मागे सिमेंटचा लहानसा पॅटिओ. स्वयंपाकघरात विजेची कॉइलची शेगडी. एका वेळी पाच गॅलन करायचे आहेत.

दुकानात चौकशी केली तर उत्तर मिळालं की पाणी तापवायला एक, धान्य भिजवायला एक आणि उकळायला एक अशी तीन भांडी लागतातच, शिवाय पंप. एवढ्यात माझं बजेट दोनदा संपतं. खरंच एवढं लागतं का? आधी काय घ्यावं, नंतर काय, आणि काय घेऊच नये?

पिंपळपान (मिनियापोलिस)

तीन भांडी लागत नाहीत. एक मोठं पातेलं आणि एक कापडी पिशवी एवढ्यावर उत्तम ऑल-ग्रेन बिअर होते. या पद्धतीला ब्रू इन अ बॅग म्हणतात. पातेल्यात सगळं पाणी एकदम घ्यायचं, गरम करायचं, आत पिशवी लावायची, पिशवीत भरडलेलं माल्ट ओतायचं, तासभर झाकून ठेवायचं. मग पिशवी वर उचलायची आणि चक्का टांगतो तशी निथळत ठेवायची. खाली पातेल्यात उरतो तो माल्टचा गोड रस म्हणजे वर्ट. तोच त्याच पातेल्यात उकळायचा. दुसऱ्या भांड्यात ओतणं नाही, पंप नाही.

पातेलं केवढं घ्यायचं हाच तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे, म्हणून हिशोब सविस्तर मांडतो. बादलीत २० लिटर वर्ट जायला हवा, म्हणजे गाळ सोडून १९ लिटर, अर्थात पाच गॅलन बिअर हाती लागते. पातेल्याच्या तळाशी हॉप्सचा आणि प्रथिनांचा गाळ उरतो, त्याचे २ लिटर धरा. तासाभराच्या उकळीत साधारण ४ लिटर वाफ होऊन जातात. साध्या ५ टक्क्यांच्या बिअरला साडेचार किलो माल्ट लागतं आणि ते पिळल्यावरसुद्धा साडेतीन लिटर पाणी धरून ठेवतं. बेरीज साडेएकोणतीस लिटर. या पाण्यात धान्य पडलं की ते आणखी ३ लिटर जागा घेतं, म्हणजे पातेल्यात साडेबत्तीस लिटर. आठ गॅलनचं पातेलं ३० लिटरचं असतं, त्यात हे मावत नाही. दहा गॅलनचं ३८ लिटरचं, त्यात मावतं आणि उकळताना फेस वर यायलाही जागा राहते. तेव्हा दहा गॅलन. खाली तोटी, भिंतीत बसवलेला थर्मामीटर, आतल्या खुणा, यातलं काहीही नसलेलं साधं पातेलं चालेल. लिटरच्या खुणा लाकडी पट्टीवर करून घेता येतात.

स्टील हवंच असंही नाही. ॲल्युमिनियम स्वस्त, हलकं, लवकर तापतं आणि बिअरला पूर्ण सुरक्षित आहे. पहिल्यांदा त्यात नुसतं पाणी अर्धा तास उकळा, म्हणजे आतून मंद करडा थर धरेल. तो थर हवा असतो. घासून चकचकीत करायचा नाही, आणि ऑक्सीक्लीनसारख्या क्षारयुक्त पावडरीत भिजत टाकायचं नाही. आपल्या वाण्याच्या दुकानात लग्नकार्याचे हिंडालियमचे जाड टोप मिळतात, तेही बघा. हॉटेलवाल्यांना भांडी पुरवणाऱ्या दुकानात अजून स्वस्त मिळेल.

पिशवीला पॉलिस्टरचं व्हॉइल कापड वापरा, पडद्याला वापरतात ते. सुती पंचा किंवा मलमल नको. ते पाणी पितं, लवकर तुंबतं आणि नीट वाळलं नाही तर वास धरतं. पिशवी पातेल्याच्या तोंडावरून बाहेर दुमडेल एवढी मोठी शिवा, म्हणजे धान्याला आत मोकळं फिरायला जागा मिळते. घट्ट बोचकं झालं तर मधलं माल्ट कोरडंच राहतं.

गुळवेल (डेन्व्हर)

पिंपळपान यांचा हिशोब बिनचूक आहे. तरी कूलरची बाजू मांडतो, कारण काही घरांत ती जास्त सोयीची पडते.

सहलीला नेतो तो चौकोनी ४८ क्वार्टचा (१२ गॅलनचा) कूलर घ्यायचा. नळाला जोडायची स्टीलच्या जाळीची नळी मिळते, तिच्या आतली रबरी नळी ओढून काढायची आणि नुसती जाळी कूलरच्या तोटीला आतून बसवायची. झाला मॅश टन, म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजवायचं भांडं. त्या भिजवण्याला मॅश म्हणतात. डेनी कॉन या ओरेगनमधल्या ब्रूअरने ही स्वस्त रचना अमेरिकेत लोकप्रिय केली. तासाभराने वर्ट काढून घ्यायचा, धान्यावर पुन्हा गरम पाणी ओतायचं, ढवळायचं, पुन्हा काढायचं. याला बॅच स्पार्ज म्हणतात.

याचे दोन खरे फायदे. कूलरमध्ये तासाभरात तापमान जेमतेम एखादा अंश उतरतं, कोलंबसच्या जानेवारीतसुद्धा. आणि वजन उचलावं लागत नाही. साडेचार किलो कोरडं माल्ट ओलं होऊन आठ-नऊ किलोंचं होतं, शिवाय गरम, शिवाय ठिबकतं. पाठीचं दुखणं असलेल्या माणसाने पिशवीच्या फंदात पडू नये. उकळायला पातेलं मात्र इथेही लागतं, फक्त साडेसात-आठ गॅलनचं पुरतं. घरात जुना कूलर पडून असेल तर हा मार्ग स्वस्त. नवा घ्यायचा असेल तर पिशवी स्वस्त.

रानवारा

दोघांचेही मनापासून आभार. कूलर घरात नाही, पाठ अजून धड आहे. पिशवीकडे कल होतो आहे. पण माझ्या कॉइलच्या शेगडीवर ३० लिटर उकळेल का?

निर्गुडी (बॉस्टन)

उकळणार नाही, किंवा दोन तासांनी कसंबसं गुरगुरेल. अमेरिकेतल्या घरगुती शेगडीची सगळ्यात मोठी कॉइल अडीच किलोवॅटच्या आसपास असते, तिच्यावर एवढं रुंद पातेलं बाहेर लोंबतं आणि वजनही तिला झेपत नाही.

मी चौथ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये राहते. गॅस बर्नर लावायला जागाच नाही. मी अडीच गॅलनच करते, पाच गॅलनच्या पातेल्यात, स्वयंपाकघरात. रानवारा, तुमच्याकडे पाच गॅलनचं पातेलं आहेच. म्हणजे फक्त पिशवी आणि चांगला थर्मामीटर घेऊन तुम्ही याच शनिवारी ऑल-ग्रेन सुरू करू शकता, जवळजवळ फुकटात. चोवीस-पंचवीस बाटल्या होतात. थंड करायला चिलर (वर्टमध्ये बुडवायची, आतून थंड पाणी फिरणारी नळी) लागत नाही, सिंकमध्ये बर्फाचं पाणी भरून पातेलं त्यात ठेवलं की अर्ध्या-पाऊण तासात २० अंशांवर येतं. शिकायला लहान घाणा फार चांगला असतो. दर पंधरवड्याला नवी पाककृती करून बघता येते, बाटल्या साठून राहत नाहीत.

तेव्हा माझं प्रामाणिक मत असं की आधी दोन-तीन अर्धे घाणे करा आणि मग मोठं पातेलं घ्या. पैसे तोवर खिशात राहू द्या.

पिंपळपान

निर्गुडीताईंना पूर्ण अनुमोदन. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मेलबर्नकर

ही पिशवीची पद्धत मूळची आमच्याकडची, ऑस्ट्रेलियातल्या घरगुती ब्रूअरांनी साधारण २००६ च्या सुमारास घडवलेली. इथे आम्हाला २४० व्होल्टचा फायदा आहे. ४० लिटरचा २४०० वॅटचा चहाचा अर्न (पाणी तापवायचं विजेचं मोठं भांडं) भिंतीच्या साध्या प्लगला लावला की काम होतं. बर्नर नाही, गॅस नाही, गॅरेजमध्ये पावसातही बिअर करता येते. नंतर केगलँड कंपनीचा ब्रूझिला वगैरे यंत्रं आली. तीही त्याच कल्पनेची, आत जाळीचं भांडं असलेली.

अमेरिकेत मात्र असं यंत्र घेताना नीट विचार करा. १२० व्होल्ट आणि १५ ॲम्पिअरच्या प्लगमधून जास्तीत जास्त १८०० वॅट, सलग वापराला १५०० च्या आसपास मिळतात. २८ लिटर वर्ट ६७ अंशांवरून १०० वर न्यायला १५०० वॅटला नुसत्या गणिताने पाऊण तास लागतो, उष्णता वाया जाते ती धरून तासाच्या वर. आणि पुढे उकळी जोमदार राहत नाही. अँव्हिल फाउंड्रीसारखी यंत्रं २४० वरही चालतात, पण तसा प्लग भाड्याच्या घरात सोयीच्या जागी क्वचितच असतो. त्यात तुमच्या बजेटमध्ये ती बसतही नाहीत.

चिलरबद्दलही एक पर्याय. आमच्याकडे दुष्काळाच्या वर्षांत पाणीवापरावर निर्बंध होते, तेव्हा लोकांनी चिलरच सोडून दिला. उकळता वर्ट सरळ जाड एचडीपीई प्लास्टिकच्या चौकोनी कॅनमध्ये भरायचा, हवा दाबून काढायची, झाकण घट्ट लावायचं, कॅन आडवा करून झाकणाच्या आतल्या बाजूलाही गरम वर्ट लागू द्यायचा. रात्रभर आपोआप निवतो, सकाळी यीस्ट. फक्त वर्ट बराच वेळ ८० अंशांच्या वर राहतो, त्यामुळे शेवटी घातलेले हॉप्सही कडूपणा देत राहतात. म्हणून सुवासासाठीचे हॉप्स पाककृतीत दिले आहेत त्याहून १५-२० मिनिटं उशिरा घाला.

निर्गुडी

यात एक गोष्ट ठळकपणे सांगते, कारण माझं रोजचं काम सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. असा बंद कॅन आठवडेच्या आठवडे ठेवू नका. यीस्ट न घातलेल्या वर्टचा पीएच ५ ते साडेपाचच्या दरम्यान असतो. हवाबंद, गोड, कमी आम्ल आणि खोलीच्या तापमानाला ठेवलेला पदार्थ म्हणजे बॉट्युलिझमच्या जिवाणूला पोषक परिस्थिती. त्याचे बीजाणू तासभर उकळूनही मरत नाहीत. दुसऱ्या दिवशी यीस्ट घातलं की पीएच लवकरच साडेचारच्या खाली उतरतो आणि ही भीती संपते. तेव्हा रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी यीस्ट घाला, त्यापुढे ढकलू नका.

मेलबर्नकर

बरोबर. मी दुसऱ्या दिवशीच घालतो. सगळ्यांनी हे नीट वाचावं.

दर्यावर्दी (ह्यूस्टन)

मंडळी, सगळी चर्चा पातेल्यावर चालली आहे. मला पातेल्यानंतरच्या दोन आठवड्यांबद्दल बोलायचं आहे, कारण बिअर खरी तिथे घडते किंवा बिघडते.

ऑल-ग्रेनला जातो तेव्हा माणूस सगळे पैसे गरम बाजूला घालतो. केटल, बर्नर, चिलर, भरडायचं यंत्र. आणि बादली ठेवतो कपाटात, खोलीच्या तापमानाला. पण यीस्ट काम करताना स्वतः उष्णता सोडतं. खोली २४ अंश असेल तर बादलीतली बिअर सहज २७-२८ ला जाते. यूएस-०५ सारखं यीस्ट १८ ते २० ला स्वच्छ चव देतं. त्याच यीस्टला २८ ला सोडलं तर बिअरला थिनरसारखा उग्रपणा येतो, दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. साध्या पाकाची बिअर १८ अंशांवर झालेली असेल तर ती २८ अंशांवर झालेल्या ऑल-ग्रेनपेक्षा हमखास सरस लागते. म्हणून माझा सल्ला ठाम आहे: बजेटमधले पन्नास डॉलर आधी बाजूला काढा आणि ते फक्त तापमानावर खर्च करा.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मोठं प्लास्टिकचं टब. त्यात निम्म्यापर्यंत पाणी, पाण्यात बादली, बादलीला जुना सुती टीशर्ट घालायचा, त्याची कड पाण्यात बुडेल असा. सोड्याच्या बाटल्यांत पाणी गोठवून सकाळ-संध्याकाळ एकेक टबात टाकायची. एवढ्यानेही बिअर खोलीपेक्षा बरीच गार राहते. कोलंबसला थंडीत उलट अडचण येईल. तेव्हा त्याच टबातल्या पाण्यात मत्स्यपेटीचा हीटर सोडला की काम होतं. पुढे जुना फ्रीज मिळाला तर इंकबर्डसारखा तापमान नियंत्रक जोडायचा, त्याचा सेन्सर बादलीच्या बाहेरच्या अंगाला चिकटवून वर फोमचा तुकडा लावायचा. खोलीतली हवा मोजून उपयोग नाही, बिअर मोजायची.

आमच्या ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात मी क्वेइक वापरतो. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेलं यीस्ट आहे हे. त्यातलं व्होस जातीचं ३५ अंशांनाही उत्तम काम करतं, संत्र्याच्या सालीसारखा हलका सुवास येतो आणि तीन-चार दिवसांत आंबणं उरकतं. जुलैमध्ये तुम्हालाही चालेल.

गुळवेल

दर्यावर्दींच्या प्रतिसादाला हजार वेळा अनुमोदन.

सिंहगडपायथा (पुणे)

छान धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. हे सगळं पुण्यात घरी करायचं तर माल्ट आणि हॉप्स कुठे मिळतील?

पिंपळपान

साहित्यापेक्षा कायदा आधी येतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते स्वतःसाठी का असेना. तेव्हा कृपया करू नका, आणि इथे कोणी साहित्याचे पत्तेही देऊ नयेत. पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रूअरी आहेत. तिथल्या ब्रूअरशी बोला, टाक्या दाखवायला सांगा. अनेकजण आनंदाने दाखवतात.

अमेरिकेत केंद्राची बंदी अध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने उठली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन, फक्त स्वतःसाठी, विक्री नाही. तरी राज्यांचे कायदे वेगळे होते. मिसिसिपी आणि अलाबामा सगळ्यात शेवटी, २०१३ मध्ये आले. ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ मध्ये गेली. घरी दारू गाळणं ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेत त्याला केंद्राची बंदी आहे. त्याची चर्चा या धाग्यावर नको.

सिंहगडपायथा

समजलं. माहितीबद्दल आभारी आहे. करणार नाही, पण वाचत राहीन.

रानवारा

निर्गुडीताई, तुमचं ऐकलं. व्हॉइल आणून बायकोने पिशवी शिवून दिली, एक चांगला डिजिटल थर्मामीटर घेतला आणि अडीच गॅलनचा गव्हाच्या माल्टचा घाणा केला. माल्ट दुकानातूनच भरडून आणलं.

मला सगळ्यात आवडलं ते मॅशचं रूप. धान्य पडल्यावर पाणी पिठुळ, पांढरट दिसत होतं, चव कच्च्या पिठाची. वीस-पंचवीस मिनिटांनी झाकण काढून पळीभर काढलं तर चहासारखं नितळ आणि गोड. बोटांना चिकटत होतं. हे डोळ्यांदेखत होताना बघून फार समाधान वाटलं.

आता पाच गॅलनला जायचंच आहे. दोन प्रश्न. हायड्रोमीटरवर माझं सुरुवातीचं गुरुत्व, म्हणजे यीस्ट घालण्याआधीची वर्टची घनता, १.०४० आलं, पाककृतीत १.०४८ होतं. आणि माल्ट घरच्या मिक्सरला भरडलं तर चालेल का?

पिंपळपान

मिक्सर नको. मिक्सरचं पातं टरफलाचा चुरा करतं आणि अर्ध्या धान्याचं पीठ, अर्धं अख्खंच. टरफल शक्यतो शाबूत आणि आतला दाणा पाच-सहा तुकड्यांत, अशी भरड हवी.

गुरुत्व कमी येण्याचं कारण बहुतेक भरडच असणार. दुकानाची गिरणी सर्वांना चालावी म्हणून जाडसर लावलेली असते, कारण पीठ जास्त झालं तर मॅश टनमधला वर्ट अडकून बसतो. पिशवीत अडकायची भीती कमी. तेव्हा पुढच्या वेळी दुकानात सांगून दोनदा भरडून घ्या. बहुतेक दुकानं पैसे घेत नाहीत. एवढ्याने गुरुत्वाचे ४-५ अंक वाढतील, म्हणजे १.०४० चं १.०४५ पर्यंत जाईल. गव्हाला टरफल नसतं आणि दाणा कडक असतो, म्हणून त्याला दुसऱ्या भरडीची जास्तच गरज. स्वतःची गिरणी आत्ता घेऊ नका. मक्यासाठीची हाताची कोरोना गिरणी स्वस्त मिळते, पण तिचा उपयोग २५ किलोंची अख्खी गोणी घ्यायला लागाल तेव्हा. अख्खं माल्ट कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतं, भरडलेलं काही आठवड्यांत वापरावं.

दुसरं, थर्मामीटर तपासला का? बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात बुडवा, शून्य दाखवायला हवा. मग उकळत्या पाण्यात.

गुळवेल

उकळत्या पाण्याला गावाची उंची लक्षात घ्या. डेन्व्हरला पाणी ९५ अंशांनाच उकळतं. कोलंबसला ९९ च्या वर दाखवलं पाहिजे.

तापमानाला एवढं महत्त्व का, तेही सांगतो. मॅशमध्ये मुख्यतः दोन एन्झाइम काम करतात. बीटा-अमायलेज साठ ते पासष्टच्या आसपास जोमात असतं आणि यीस्टला पूर्ण खाता येईल अशी साखर करतं. अल्फा-अमायलेज सत्तरच्या जवळ जोमात असतं, त्याच्या कामातून यीस्टला न पचणाऱ्या मोठ्या साखळ्याही उरतात. ६४-६५ ला मॅश केलं तर बिअर कोरडी आणि हलकी होते, ६८-६९ ला केलं तर भरीव. थर्मामीटर तीन अंशांनी चुकला तर तुम्ही ठरवलेली बिअर होतच नाही. सर्वांत स्वस्त वस्तूंतली ही एक, पण इथे काटकसर नको.

निर्गुडी

पाण्याचं राहिलं. एक्स्ट्रॅक्टमध्येही लागतं, पण ऑल-ग्रेनमध्ये सगळंच पाणी नळाचं असतं म्हणून जास्त जाणवतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं. माल्टमधल्या फिनॉलशी त्याचा संयोग होऊन बिअरला दवाखान्याच्या चिकटपट्टीचा वास येतो. क्लोरामाइन उकळून सहज जात नाही. कॅम्पडेनची एक गोळी २० गॅलन पाण्याला पुरते. तुमच्या आठ गॅलनला अर्धी गोळी चुरून घाला, ढवळा, काही मिनिटांत काम होतं. शंभर गोळ्यांची बाटली घेतली की संपता संपत नाही.

निर्जंतुकीकरणाला स्टार सॅन. पाच गॅलन पाण्याला एक औंस, म्हणजे लिटरला दीड मिली. फवाऱ्याच्या बाटलीत लिटरभर करून ठेवलं तर झाकण, एअरलॉक, नळी, हात सगळ्याला पुरतं. फेस धुवायचा नसतो. पण आधी भांडं घासून स्वच्छ हवं. घाणीवर स्टार सॅन मारून उपयोग नसतो.

आणि काचेचा कारबॉय (बिअर आंबवायची मोठी बाटली) कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. भरलेला काचेचा कारबॉय ओल्या हातातून निसटला तर हाताची शीर कापेल अशा काचा होतात. बादली उत्तम.

रानवारा

थर्मामीटर बर्फात शून्य, उकळीत ९९.३. ठीक आहे म्हणायचा.

आता अंतिम यादी. ४० क्वार्टचं, म्हणजे दहा गॅलनचं, ॲल्युमिनियमचं पातेलं, हॉटेलच्या भांड्यांच्या दुकानातून, साठ डॉलर. टर्की तळायचा प्रोपेन बर्नर, साठ. घरमालकाला विचारलं, पॅटिओवर ग्रिल चालतं तसा हाही चालेल म्हणाले, सिलिंडर ग्रिलचाच आहे. तांब्याच्या नळीचा २५ फुटी चिलर, एक गृहस्थ छंद सोडत होते त्यांच्याकडून पंचवीसला मिळाला. मोठ्या पिशवीचं कापड बारा, स्टार सॅन आणि कॅम्पडेन मिळून पंचवीस, थर्मामीटर वीस आधीच झाला. टब आणि मत्स्यपेटीचा हीटर, तीस. बेरीज दोनशे बत्तीस. दर्यावर्दी, नियंत्रक पुढच्या महिन्यात.

काही चुकत असेल तर सांगा.

दर्यावर्दी

यादी फार समजून केली आहे. बर्नरबद्दल दोन गोष्टी. तो घरात किंवा बंद गॅरेजमध्ये कधीही लावायचा नाही, दार अर्धं उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि बर्नर सपाट सिमेंटवर, भिंतीपासून लांब. मुलं, कुत्री त्या दिवशी आत.

पिंपळपान

भर घालतो. उकळी फुटायच्या आधीची पाच मिनिटं पातेल्यासमोरून हलायचं नाही. पृष्ठभागावर तपकिरी फेसाचा जाड थर जमतो आणि एका क्षणी सगळाच्या सगळा वर येतो. तेव्हा आच कमी करा आणि साध्या पाण्याचा फवारा मारा, फेस बसतो. एकदा फेस फाटून खालची उकळी दिसू लागली की मगच हॉप्स घाला.

पिशवी उचलायला पॅटिओवर घडीची शिडी उभी करा आणि तिच्या वरच्या पायरीला कप्पी बांधा. नुसत्या हातांनी उचलू नका. पिशवी असताना खाली आच लावायची वेळ आली तर तळाशी स्टीलची जाळी ठेवा, नाहीतर कापड चिकटून जळतं. जुना चिलर वापरायच्या आधी व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून धुवा, आतून पाणी सोडून सांध्यातून गळती नाही ना ते बघा, आणि उकळी संपायला पंधरा मिनिटं असताना वर्टमध्ये सोडा म्हणजे तो आपोआप निर्जंतुक होतो. बागेच्या नळाची जोडणी बसते का तेही आधीच बघा.

पहिली पाककृती साधी ठेवा. टू-रो पेल माल्ट (बार्लीचं साधं फिकट माल्ट) साडेचार किलो, दोनदा भरडलेलं. पाणी साडेएकोणतीस लिटर, ७० अंशांवर, म्हणजे थर्मामीटर फॅरनहाइटचा असेल तर १५८. धान्य पडलं की ६७ वर येईल. झाकण लावून वर जुनं ब्लँकेट गुंडाळा, एक तास. उकळीच्या सुरुवातीला कॅस्केड जातीचे हॉप्स २८ ग्रॅम, शेवटची पंधरा मिनिटं राहिली की १४, आच बंद केल्यावर २८. १८-१९ अंशांवर थंड करून यूएस-०५ चं एक पाकीट. सुरुवातीचं गुरुत्व १.०४८ च्या आसपास यावं, शेवटचं १.०१०. फरकाला १३१.२५ ने गुणा, मद्यार्क जवळपास ५ टक्के निघतो.

बाटल्या भरायची घाई नको. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा गुरुत्व मोजा, आकडा तोच आला तरच भरा. १९ लिटरला ११० ते ११५ ग्रॅम साधी साखर पाण्यात उकळून घाला. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या नकोत, कॅपरचं बूच त्यांवर घट्ट बसत नाही.

रानवारा

सगळं लिहून घेतलं. येत्या रविवारी सकाळी लावतो. मॅशचं तापमान सुरुवातीला आणि शेवटी, उकळीआधीचं आणि नंतरचं माप आणि गुरुत्व, असे आकडे इथेच टाकेन.

पिंपळपान

उकळीआधीचं माप नक्की टाका. तुमच्या बर्नरवर तासाला किती लिटर वाफ होते ते त्यावरून कळेल, आणि मग पुढच्या वेळचं पाणी माझ्या ४ लिटरच्या अंदाजाने न घेता तुमच्याच आकड्याने घेता येईल.